कुशीवर, अधांतरी

चाळिशी उलटलेला ट्रेकर गड किती अवघड आहे हे विचारत नाही. मुक्कामाला अंगाखाली काय असणार, एवढंच विचारतो. सह्याद्रीत याचं उत्तर बहुधा ‘गुहा’ असं मिळतं. शेकडो वर्षं लोकांनी पाठी घासूनही गुहेतली जमीन काही सपाट झालेली नाही. कॅरीमॅट असते म्हणा, पण दगड लागू नये यासाठी ती नसतेच. तो बेताबेताने लागावा यासाठी असते.

म्हणून मी हॅमककडे वळलो. दोन झाडं शोधायची आणि मध्ये लोंबकळायचं. मग खाली दगड असोत, मुंग्या असोत नाहीतर शेजाऱ्याचे ओले मोजे. पण साधा हॅमक म्हणजे दोन्ही टोकांना चुण्या घालून आवळलेलं कापड. त्यात सरळ झोपलं की माणसाचं केळं होतं. जाणकार सांगतात, तिरकं झोपावं म्हणजे पाठ बरीच सपाट होते. खरं आहे ते. पण रात्री दोन वाजता माझ्या पाठीला ही भूमिती आठवेल याची हमी कोण देणार? शिवाय आमच्या घराण्यात सगळे कुशीवर झोपतात. उताणं झोपणं आमच्याकडे फक्त ऑपरेशननंतर.

ब्रिज हॅमक आम्हा कुशीवाल्यांसाठी आहे. त्याला डोक्याकडे आणि पायाकडे एकेक आडवी दांडी असते. कापडाच्या दोन्ही लांब कडा आत वळलेल्या कमानीत कापून त्यांना मजबूत पट्टी शिवलेली असते. झुलत्या पुलाचा भार केबल उचलतात, तसा इथे या पट्ट्या उचलतात, आणि मधलं कापड बऱ्यापैकी सपाट राहतं. अमेरिकेतल्या जॅक्स आर बेटर या कंपनीने तर आपल्या अशा हॅमकला थेट बेअर माउंटन पुलाचं नाव दिलं. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवरचा हा पूल १९२४ मध्ये खुला झाला. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल त्याच्यावरूनच नदी ओलांडते. आपल्याकडेही बाळाच्या झोळीचं कापड मिटू नये म्हणून काही घरांत मध्ये आडवी काठी घालतात. पण म्हणून हा शोध मूळचा आपलाच, असं मी म्हणणार नाही. ते काम व्हॉट्सअ‍ॅपवर आमचे एक मामा नेमाने करतात.

‘दांड्या’ म्हटल्यावर काहींना रिसॉर्टमधला दोऱ्यांचा झुला आठवेल. बसल्या बसल्या पाहुण्याला वाळूत उलटा टाकतो, तो. तो ताणून सपाट बांधलेला असतो आणि अंग वर राहतं, म्हणून उलटतो. ब्रिज हॅमकमध्ये अंग दांड्यांच्या पातळीखाली, खोलगट भागात राहतं. विश्वामित्रांनी त्रिशंकूला अधांतरी टांगला, तेव्हा एवढा विचार केला असता तर बिचारा निदान डोकं वर करून राहिला असता.

ताणून बांधायचा मोह मात्र इथेही आवरावा लागतो. पट्टा जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करून झाडाकडे जावा. माझं वजन ८५ किलो. या कोनात प्रत्येक पट्ट्यावर ८५ किलोचाच ताण येतो, म्हणजे दोन्ही झाडांच्या वाट्याला पूर्ण मी. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण जवळजवळ २४५ किलो होतो. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे खरं वजन कळलं म्हणायचं.”

निवडताना आधी खांदे मोजावेत. अंगाच्या भाराने दोन्ही बाजू आत येतात, आणि डोक्याकडची दांडी आखूड असेल तर रात्रभर कुणीतरी प्रेमाने खांदे आवळून धरल्यासारखं वाटतं. दांडी लांब घ्यावी तर वजन वाढतं, वरचा टार्पही रुंद लागतो, नाहीतर कोपरे भिजतात. उंचीलाही जपावं लागतं. साधा हॅमक उंच माणसाला सांभाळून घेतो, हा मापातच राहतो. आमच्या ग्रुपमधल्या एका तरुणाने तोडगा काढला, “काका, दांड्या कशाला वाहता? ट्रेकिंग पोलच अडकवा की!” काही हॅमकना तशी सोय असते खरी, आणि वजनही वाचतं. पण पोलचं लॉक अर्ध्या रात्री सरकलं तर पुलाचं काय होतं, हे पाहायला मला पुलावर असायचं नाही. मी दांड्या वाहतो.

थंडीचं सांगायला हवं. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही, आणि खालून वारा फिरत असतो. थंडीच्या दिवसांत हॅमकच्या खाली बाहेरून टांगायची रजाई घ्या, नाहीतर निदान आत मॅट घाला. ज्या कॅरीमॅटला मी नावं ठेवली ती अशी सन्मानाने सॅकमध्ये परतते.

राहता राहिली झाडं. कोकणकड्यावर गवत आहे, वारा आहे, नजर फाटेल एवढी दरी आहे, फक्त जिथे हवीत तिथे दोन झाडं नाहीत. जंगलात झाडं आहेत, पण अभयारण्यात मुक्कामाची परवानगी लागते. समुद्रकाठचं सुरूचं बन उत्तम. पट्टे रुंदच वापरावेत, म्हणजे साल कापत नाही. नारळाखाली मात्र सपाट झोपण्याचा हट्ट धरू नये.

हे सगळं मी सोसायटीच्या आवारात, रात्री जेवणानंतर, तालमीसाठी हॅमक बांधत असताना वॉचमनला समजावत होतो. त्याला आधी वाटलं की घरातून मला बाहेर काढलंय. खात्री पटल्यावर त्याने खोडावर थाप मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, “साहेब, ह्या गुलमोहराला नका बांधू. आतून पोकळ आहे. मागच्या पावसात ह्याची फांदी सेक्रेटरींच्या गाडीवर पडली, ती सोसायटीने अजून भरून दिली नाही. तुमचं काय भरून देणार?”