खलनायकाचं डिस्चार्ज बुक

निळूभाऊ फुल्यांच्या काळात सिनेमातल्या खलनायकाला काय हवंय हे तिसऱ्या मिनिटाला कळायचं. जमीन, कारखान्याची चेअरमनकी, नाहीतर समोरून जाणारी बाई. त्याला रात्री झोप लागते का, असल्या चौकशा कुणी करत नसे. व्हिडिओ गेममधले खलनायक मात्र फौजेचं डिस्चार्ज बुक काखेत मारूनच येतात. कुठल्या आघाडीवर लढले, किती सोबती गमावले, सरकारनं कसं वाऱ्यावर सोडलं, सगळ्याची नोंद. गोळी घालण्याआधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. भाचा म्हणतो, “मामा, स्किप करता येतं ते.” मी करू देत नाही. त्यामुळे आमचा गेम एसटीच्या गतीनं पुढं सरकतो.

ह्या जातीतला माझा लाडका गेम म्हणजे ‘मेटल गिअर सॉलिड ३’. हिदेओ कोजिमा या जपानी गृहस्थांनी तो २००४ साली आणला. गोष्ट आहे १९६४ची, सोव्हिएत जंगलातली. तुमच्याविरुद्ध उभी राहते ती दुसरं महायुद्ध गाजवलेली एक तुकडी. वेदना, भीती, संताप, दुःख अशी त्यांची टोपणनावं. रणांगणावर ज्यानं जी भावना सोबत नेली तेच त्याचं नाव. आणि एक आजोबा, ‘द एंड’.

आजोबा शंभरी ओलांडलेले स्नायपर. लढाईआधी दिसतात ते चाकाच्या खुर्चीत, जवळ पाळलेला पोपट. लढाई सुरू झाली की नेम धरून बसल्या बसल्याच त्यांना डुलकी लागते, आणि कान देऊन ऐकलं तर घोरणं ऐकू येतं. त्यांच्याशी जंगलात बराच वेळ लपाछपी खेळता येते. पण लढाई अर्धवट ठेवून, गेम सेव्ह करून तुम्ही आठवडाभर तिकडं फिरकलाच नाहीत, तर परत येईस्तोवर आजोबा म्हातारपणानं गेलेले असतात. काही बहाद्दर मशीनचं घड्याळच आठवडाभर पुढं ढकलून काम उरकतात. आपल्याकडचा पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातो. इथं तो दाखला खेळणाऱ्याच्या हातात आहे. ही युक्ती कळली तेव्हा भाचा गडाबडा लोळून हसला. मीही हसलो. एवढा नावाजलेला नेमबाज, आणि त्याला संपवायला काय लागलं, तर त्याची आठवण न ठेवणं.

‘दुःख’ तर गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला आहे. त्याच्याशी मारामारी नाहीच. नदीच्या पाण्यातून नुसतं चालत राहायचं, आणि तोवर तुम्ही ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे समोरून येतात, ज्याला जसं मारलं तशा अवस्थेत. कुणाचा गळा चिरलेला, कुणी जळता. भाच्यानं वाटेतला दिसेल तो पहारेकरी उडवला होता, त्यामुळे त्याची मिरवणूक काही संपेना. “एवढे कधी मारले मी?” तो पुटपुटला. जो लपतछपत, कुणाला न मारता इथवर पोचतो, त्याची नदी जवळपास मोकळी असते. पलीकडे गेलं की तुम्हीही मरता. मग आधी मिळालेली एक गोळी घेऊन उठायचं असतं, हे सुचेपर्यंत आम्ही मेलेल्या अवस्थेतच भजी खाल्ली.

खऱ्या सैनिकांच्या बाबतीत ह्या नदीची दखल घ्यायला जगाला भलताच वेळ लागला. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणून मोकळे झाले. ‘पीटीएसडी’ अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला तो १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी बराच पाठपुरावा केल्यावर.

तुकडीची प्रमुख ‘द बॉस’. १९४४ साली नॉर्मंडीच्या रणांगणावरच ती बाळंत झालेली आणि मूल तिच्याकडून काढून घेतलेलं. वीस वर्षांनी ती शत्रूला जाऊन मिळते, आणि तिला मारायला तिनंच तयार केलेला शिष्य पाठवला जातो. शेवटी कळतं की फितुरी हीच तिला वरून दिलेली कामगिरी होती. पुढं भानगड वाढली तेव्हा, फितूर म्हणूनच मरायचं, हा हुकूमही तिनं पाळला. पांढऱ्या फुलांच्या माळावर ती पडलेली, शिष्याची बंदूक तिच्यावर रोखलेली, आणि पडद्यावर पुढं काहीच घडत नाही. मशीन अडकलं की काय असं वाटतं. मग ध्यानात येतं, बटण आपण दाबायचंय. भाच्यानं कंट्रोलर माझ्याकडं सरकवला. “मामा, तू दाब.” मला नेमका तेव्हाच चहा टाकायचा होता. कुणी दाबलं हे आम्हा दोघांत राहू दे.

अशा वेळी मला अश्वत्थामा आठवतो. ब्रह्मास्त्र सोडायचं त्याला येत होतं, मागं घ्यायला जमत नव्हतं. अर्जुनाला दोन्ही जमलं. झोपलेली पोरं कापणाऱ्याला माफी नाहीच. पण आपल्या लोकांनी त्याला संपवूनही टाकलं नाही. कपाळाच्या जखमेला तेल मागत नर्मदाकाठी फिरत ठेवलं, आणि तो भेटल्याच्या गोष्टी परिक्रमावासी आजही सांगतात. तेल द्यावं की दार लावून घ्यावं, हे काही आपलं अजून ठरलेलं नाही.

सगळेच गेम इतके समंजस नसतात. २००९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’मधला जनरल शेफर्ड अणुस्फोटात एका क्षणात तीस हजार माणसं गमावतो आणि त्या रागानं नवं युद्ध पेटवायला निघतो. दुःख मोठं, पण तोंडी लावण्यापुरतंच वाढलेलं. अशानं माजी सैनिक म्हणजे बिथरलेला, क्षेपणास्त्रावर हात ठेवून भाषण ठोकणारा, असा पोरांचा समज होतो. सातारा जिल्ह्यात हिंडून बघा. तिथं गल्लीगल्लीत एक ‘मेजर’ असतो, मग तो निवृत्त झाला तेव्हा नाईक का असेना. बँकेच्या दारात दुनळी मांडीवर आडवी ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. कॅन्टीनची बाटली हवी असली की सगळ्यांना त्याची आठवण होते. भरतीत त्याची छाती फुगवून मोजली होती. घरी पाठवताना कुणी काही मोजलं नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब लागायला लागले की तो आतल्या खोलीत जातो, आणि बायको टीव्हीचा आवाज वाढवते. त्याच्यावर गेम कोण काढणार? त्यात मारायलाच कुणी नाही.

बॉसला मारणारा तो शिष्य राष्ट्राध्यक्षांच्या हातून ‘बिग बॉस’ ही पदवी घेतो (आपल्या टीव्हीवरचा नव्हे), आणि पुढं स्वतःच खलनायक होतो. गंमत म्हणजे कोजिमांनी त्याचा शेवट आधीच दाखवून ठेवला होता, १९८७च्या पहिल्या ‘मेटल गिअर’मध्ये. तिथं रेडिओवरून तुम्हाला हुकूम देणारा तुमचा वरिष्ठच शेवटी शत्रू निघतो. बिंग फुटायच्या बेतात आलं की तो चक्क खेळणाऱ्यालाच सांगतो, मोहीम थांबव आणि मशीन बंद कर. जन्मभर लढलेल्या माणसानं दिलेला एवढा एकच शहाणा सल्ला, आणि तोही कपटानं. माझी बहीण हेच वाक्य रोज रात्री अकरा वाजता दारात उभी राहून म्हणते, कसलंही कपट नसताना. बिग बॉसचं जेवढं ऐकलं जातं, तेवढंच तिचं.