बैल सिंगापूरमार्गे

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली आणि शिरूर तालुक्यातली पोरं दुहेरी बेकार झाली. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच थांबवल्या होत्या. घाट ओस, मोबाइलही ओस. अशा वेळी समाजाला आपली गरज आहे, असं मला वाटू लागलं.

बेत साधा होता. मोबाइलवर ऑनलाइन बैलगाडा. मी शिरूरमधून गाडा सोडणार, आतेभाऊ दौंडातून, घाट एकच आणि भिर्रर्र! नवी मुंबईच्या विकास जयस्वाल यांच्या ‘लुडो किंग’ने लॉकडाऊनमध्ये घराघरांत फासे टाकायला लावले होते. त्यांच्याकडे नुसत्या सोंगट्या, माझ्याकडे चक्क बैल. ‘गोडो’ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हटल्यावर भांडवलाचाही प्रश्न मिटला. कमाईचा हिशोब मी प्रोग्रामिंग शिकायच्या आधीच मांडून ठेवला.

बैल बनले. आमच्या लॅपटॉपवर पळालेही. मग आतेभावाला फाइल पाठवली आणि पत्ता दिला: १२७.०.०.१. त्यानेही ‘होस्ट’ दाबलं, मीही दाबलं, आणि दोघं आपापल्या घाटात एकटेच उभे राहिलो. तो पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच असतो, हे मागाहून कळलं. मग १९२.१६८ ने सुरू होणारा दिला. तो घरातल्या घरात चालणारा निघाला. शेवटी शोध लागला की मोबाइलच्या इंटरनेटवर बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. एका सातबाऱ्यावर शेकडो नावं असावीत तसा प्रकार. त्यात माझा बैल नेमका कुणाच्या वाट्याला जाणार?

म्हणून सर्व्हर भाड्याने घेतला. घेताना तो कुठे आहे हे बघायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. तो सिंगापूरला होता. म्हणजे शिरूरहून सुटलेला बैल समुद्रातल्या केबलमधून सिंगापूरला जायचा आणि तिथून माघारी दौंडात यायचा. न्हावऱ्यावरून मोटरसायकलने गेला असता तर निदान चहा तरी झाला असता.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर पळतो. पण आमच्या बैलांना तेवढंही पुरेना. माझा बैल निशाणापाशी पोचायचा आणि अचानक मागे खेचला जायचा. आतेभावाचा फोन यायचा, “दादा, तुझा बैल आउटरला उभाय!” दौंडच्या माणसाला पहिली शंका रेल्वेचीच येते. त्याच्या मोबाइलवर तो जिंकायचा, माझ्या मोबाइलवर मी. दोघेही पहिले, आणि बक्षीस द्यायला कुणीच नाही.

मग वाचनात आलं की १९९६ मध्ये जॉन कार्मॅकने ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये या दुखण्यावर उतारा काढला होता: सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पुढचं पाऊल खेळाडूच्या संगणकानेच अंदाजाने टाकायचं. मीही बैलाच्या मनातलं ओळखायला लागलो. माझा अंदाज एकच, बैल सरळ पळणार. आतेभावाच्या नेटची रेंज गेली की त्याचा बैल माझ्या स्क्रीनवर घाट ओलांडून, मांडवातून, देवळाच्या भिंतीतून पार व्हायचा.

एवढ्यात १६ डिसेंबर २०२१ उजाडला आणि सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली. पुढे १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तबही केलं. इतकी वर्षं रखडलेला खटला निकाली निघाला, तरी माझा बैल सिंगापूरहून परतायचा होता.

आमचे चुलते, आण्णा, जुने गाडामालक. घाट सुरू झाल्यापासून त्यांना मोबाइलकडे बघायला सवड नव्हती. एकदा माझी अवस्था बघून टेकले.

“दोन गाडे एकदम कशाला सोडलेत रे?”

“शर्यत आहे ना, आण्णा.”

“आपल्याकडं एका टायमाला एकच गाडा पळतो. सेकंद मोजायचे. ज्याचे कमी, तो घाटाचा राजा. जोड्या शेजारी शेजारी पळवायच्या तर सातारा-सांगलीकडं जा.”

जन्म शिरूर तालुक्यात, आणि हे मला सांगावं लागलं! सगळा घोळ त्या ‘एकदम’ने घातला होता. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर आपली बारी पळवायची आणि फक्त सेकंद सर्व्हरला कळवायचे. आकडा दोन क्षण उशिरा पोचला तरी कुणाचं काय बिघडतं? लुडोतही पाळीपाळीनेच खेळतात. मी भराभर कोड खोडला. महिनोन्‌महिने लिहिलेलं सगळं गेलं आणि गेम झकास चालू लागला.

दुसऱ्या दिवशी फलकावर पहिलं नाव आतेभावाचं. वेळ: उणे ४ सेकंद. मी सेकंद मोबाइलच्या घड्याळावर मोजत होतो, आणि पठ्ठ्याने गाडा पळत असताना घड्याळच मागे फिरवलं होतं. खेळाडूच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हा ऑनलाइन गेमचा पहिला धडा मला दौंडने शिकवला.

आण्णांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला.

“सुटायच्या आधीच पोचलाय,” ते म्हणाले. “ऊठ. आजच दौंडला जा आणि त्या बैलाचा इसार देऊन ये.”