वकिलाची फी वाचवून पहिले घर घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

हे मार्गदर्शन दोघांसाठी आहे. पहिला, मार्गासनी-विंझर भागातला पोरगा: पुण्यात नोकरीला लागलेला, 'मुलाचा पुण्यात फ्लॅट आहे का' या प्रश्नावर लग्न अडलेला आणि म्हणून नऱ्ह्यात वन बीएचके बघत फिरणारा. दुसरा, नऱ्ह्यात भाड्याने राहून कंटाळलेला पुणेकर. त्याला मार्गासनीत दोन गुंठे घेऊन राजगडाकडे तोंड करून घर बांधायचे आहे. रविवारी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर एक पुण्याकडे जात असतो, दुसरा पुण्याकडून येत असतो. टोल किती कापला हे दोघांनाही लगेच मोबाइलवर कळते. घरखरेदीत इतका स्वच्छ खर्च पुन्हा भेटणार नाही, तेव्हा तो मेसेज जपून ठेवावा.

मूलभूत तत्त्व असे, की वकिलाला पैसे देणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. एजंट दोन टक्के मागतो ते समजू शकते. तो गाडीतून फिरवतो, चहा पाजतो, 'दादा' म्हणतो. वकील नुसते कागद वाचतो, आणि वाचायला आपल्यालाही येते. त्याने सर्च रिपोर्टचे पंधरा हजार सांगितले, की चाळीस लाखांचे घर घेणारा गृहस्थ एकदम ताठ होतो आणि 'दहात बसवा' म्हणतो. त्याच आठवड्यात त्याने स्वयंपाकघराच्या कपाटांना अठरा हजारांची हँडल लावायचे कबूल केलेले असते. पण हँडल पाहुण्यांना दाखवता येते. सर्च रिपोर्ट कोणाला दाखवणार?

सरकारचा वाटा

इथे घासाघीस चालत नाही, म्हणून हा भाग लवकर उरकू. नऱ्हे 2021 पासून महापालिकेत आहे, त्यामुळे तिथे मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के. 40 लाखांच्या फ्लॅटला 2,80,000 रुपये. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर एक टक्का सूट, म्हणजे 40,000 वाचले. नवऱ्याचे नाव सोबत जोडले की सूट गेली. दस्तावर पुरुषाचे नाव असण्याची किंमत शासनाने अशी नेमकी ठरवून दिली आहे. ती मोजावी की नाही, हे ज्याने त्याने आपापल्या स्वयंपाकघरात ठरवावे.

नोंदणी फी एक टक्का, पण 30,000 च्या वर नाही. दस्ताच्या प्रत्येक पानाला हाताळणीचे पैसे वेगळे. बिल्डरचे करारनामे शंभरीच्या पुढे जातात आणि त्यातली बरीच पाने बिल्डर कशाकशाला जबाबदार नाही हे सांगण्यात खर्ची पडतात. त्या पानांचेही पैसे आपणच भरायचे. इमारत पूर्ण व्हायची असेल तर जीएसटी: 45 लाखांपर्यंतच्या, परवडणाऱ्या गटात बसणाऱ्या घराला 1 टक्का, एरवी 5. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर शून्य.

मार्गासनी ग्रामपंचायतीतली. ग्रामीण दर 3 टक्के, वर जिल्हा परिषदेचा 1. गाव प्रभावक्षेत्रात धरलेले असेल तर दर चढतो. शुल्क मात्र आपण ठरवलेल्या किमतीवर नसते. ती किंमत आणि रेडी रेकनरचा भाव यांत जो आकडा मोठा, त्यावर असते. 'दस्तात कमी दाखवू, उरलेले रोख द्या' असे सुचवणारा माणूस आपले शुल्क वाचवत नाही, स्वतःचा कर वाचवतो. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड, असे आयकर कायदा सांगतो. आपण दिलेली रोकड कोणत्याच कागदावर नसते, हा वेगळा भाग.

स्टँपपेपरबद्दल एक खुलासा. 'शंभराचा आणा, काम होतंय' हे वाक्य अजून फाट्याफाट्यावर ऐकू येते. ऑक्टोबर 2024 पासून तो शंभराचा पाचशेचा झाला आहे, आणि त्यावर घराचा व्यवहार तेव्हाही होत नव्हता, आताही होत नाही. लाखांचे शुल्क आता ऑनलाइन चलनाने भरतात. याचे थोडे श्रेय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीला द्यावे लागते. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या नकली मुद्रांकांनी सरकारचा कागदावरचा विश्वास उडाला. आपला अजून आहे.

तीन वकील, एक पक्षकार

नऱ्ह्याचा फ्लॅट घेणाऱ्याने वकील करायचा नाही, हे ठरले. आता त्याने भरलेले पैसे पाहू. बिल्डरच्या खर्चपत्रकात 'लीगल चार्जेस' असा रकाना असतो. ही बिल्डरच्या वकिलाची फी. त्या वकिलाने बिल्डरच्या सोयीचा करारनामा लिहिला, त्याचे कष्ट आपण भरून दिले. पुढे बँक. कर्ज देण्याआधी बँकेच्या पॅनेलवरचा वकील कागद तपासतो. 'लीगल अँड टेक्निकल' म्हणून त्याचे पैसेही आपल्याकडून कापले जातात आणि अहवाल बँकेला जातो. त्यात बँकेचे कर्ज बुडणार नाही ना, हे पाहिलेले असते. ताबा दोन वर्षांनी लांबला तर काय, पार्किंग नक्की कोणते, हे त्याला कोणी विचारलेले नसते. तिसरा वकील दस्ताच्या दिवशी भेटतो. तो वकील असतो की टायपिस्ट हे शेवटपर्यंत कळत नाही, पण काळा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवलेला असतो. दोन साक्षीदार, अंगठे, फोटो आणि सर्वांचा नाष्टा तोच जमवतो आणि 'साहेब, वरखर्चाचं बघा' म्हणतो. त्याची पावती मिळत नाही.

अशा प्रकारे वकिलाची फी वाचवणारा माणूस तीन वकिलांना पोसतो आणि त्यांतला एकही त्याचा नसतो. ही या पद्धतीची सर्वांत मोठी सिद्धी होय.

करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्यात लिहिलेले आहे. आपण मात्र 'स्लॉट जाईल' या भीतीने वीस टक्के आधीच दिलेले असतात. स्वतःच्या वकिलाने हे सांगितले असते. पण मग दहा हजार गेले असते ना.

दोन गुंठे, अकरा वारस

आता पुणेकराकडे वळू. चेलाडी फाट्यावरून आत वळले, नसरापूर मागे पडले, की पुढे रस्त्याच्या कडेला प्लॉटिंगचे बोर्ड लागतात. बोर्डावर राजगडाचा फोटो मोठा, 'एनए' ही अक्षरे त्याहून मोठी, आणि 'प्रस्तावित' हा शब्द मुंगीएवढा. किल्ला दिसण्याचे पैसे दरात धरलेले असतात. ती एकच गोष्ट खरी आणि फुकट असते.

एजंट सातबारा काढून देतो. आपण क्षेत्र आणि नाव बघून घडी घालतो. वकील असता तर त्याने चष्मा पुसून नावाच्या मागची अक्षरे वाचली असती. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: जमीन एकट्याची नाही, याच्या मागे घरभर माणसे आहेत. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: नोंद झाली तेव्हा मालक लहान होता. आता तो पन्नाशीचा, भोसरीत कामाला आणि भावाने जमीन विकल्याचे त्याला माहीत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव आणि साताऱ्याला दिलेली आत्या सापडते. आत्या दिवाळीला येते, भाच्यांना कपडे आणते आणि जमिनीबद्दल अवाक्षर काढत नाही. पण 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा पक्का केला. आत्या काही बोलत नाही म्हणजे तिने हक्कसोडपत्र दिले असे नव्हे. पायाचे खड्डे खणून झाले की ती बोलते. किंवा तिचा जावई बोलतो, जो वकील असतो.

पुढची अडचण तुकडेबंदीची. 1947 च्या या कायद्याखाली जिरायत शेतीचा 20 गुंठ्यांहून आणि बागायतीचा 10 गुंठ्यांहून छोटा तुकडा बहुतेक जिल्ह्यांत विकता येत नाही. हे आकडे 2023 चे. शिवाय शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी हवा. यावर पुणेकर कोकणातल्या पणजोबांना स्मरतो.

एजंटकडे तिन्ही अडचणींवर उपाय तयार असतात. एक, दहा अनोळखी लोकांनी मिळून वीस गुंठे सामाईक घ्यायचे आणि चुन्याने रेघा मारायच्या. सातबारा एकच, मालक दहा, आणि आपले दोन गुंठे नेमके कुठले हे फक्त चुन्याला ठाऊक; पहिल्या पावसाने तोही जातो, आणि वेल्ह्याकडचा पाऊस काही लाजराबुजरा नाही. दोन, कुलमुखत्यारपत्र. त्याने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सांगून झाले आहे. तीन, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत स्वस्त: नोटरी. शिक्का गोल, लाल, ठसठशीत. 1908 चा नोंदणी कायदा म्हणतो की 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवलेच पाहिजे. मार्गासनीत आज 100 रुपयांची जमीन म्हणजे चपलेला लागलेली माती. तरीही लाखांची विसार पावती नोटरीवर होते आणि घेणारा ती देवघरात ठेवतो. कागद तिथे सुरक्षित राहतो, हे खरे.

वकिलाने दहा-पंधरा हजारांत काय केले असते, तेही नोंदवून ठेवतो, म्हणजे वाचवलेल्या रकमेचा आनंद पुरता घेता येईल. तीस वर्षांचा शोध, इंडेक्स टूच्या प्रती, जुने फेरफार, वारसनोंदी, आणि वर्तमानपत्रात 'कोणाची हरकत असल्यास' अशी जाहीर नोटीस. त्या नोटिशीला साताऱ्याहून पत्र आले असते आणि व्यवहार मोडला असता. म्हणजे पाहा, केवढे नुकसान!

एवढे करूनही व्यवहार खरा निघाला आणि खरेदीखत नोंदले गेले, तर फेरफाराची वर्दी ऑनलाइन तलाठ्याकडे जाते. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या नोंदीसाठी कोणी काही मागितले तर त्याच्याकडे शांतपणे पावती मागावी. आणि डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपयांना निघतो. एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर विसार देण्याआधी, तेवढे 15 रुपये तरी घालवा.