साडेतीन रुपये किलोचा तांदूळ

जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराने अर्थशास्त्राला जे काही दिले, त्यात सर्वांत मोलाची आणि तरीही सर्वांत उपेक्षित राहिलेली देणगी म्हणजे कधीही न बदलणारा भाव. सोने, जमीन, डिझेल आणि डॉक्टरांची फी यांना जे कधी जमले नाही ते तांदळाला जमले आहे. कराराच्या दृष्टीने भारतातील तांदळाचा भाव 1986 ते 1988 या तीन वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे किलोमागे सुमारे साडेतीन रुपयांवर, कायमचा ठरून गेला असून, बर्लिनची भिंत पडण्यापासून करोनाच्या साथीपर्यंत जगात जे जे घडले त्यातील कशाचाही त्याला धक्का लागलेला नाही. या भावास ‘बाह्य संदर्भ किंमत’ असे भारदस्त नाव आहे.

तिचा उपयोग असा की, सरकार ज्या हमीभावाने शेतकऱ्याकडून धान्य खरेदी करते त्यातून ही किंमत वजा करावयाची, उरलेल्या फरकाला पात्र उत्पादनाने गुणावयाचे आणि येणारी रक्कम सरकारने शेतकऱ्याला दिलेली मदत म्हणून नोंदवावयाची. ही मदत त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपलीकडे गेली की विकसनशील देश व्यापारात विकृती आणणारा ठरतो. खरेदीच्या दिवशी बाजारात काय भाव होता, हा प्रश्न या गणितात कोठेच येत नाही. हमीभाव आणि बाजारभाव सारखेच असले, आणि शेतकऱ्याच्या पदरात एक पैसाही जादा पडला नसला, तरी तीन दशकांत बियाणे, खत आणि मजुरी जितकी महागली तितके त्याच्यावरील उपकार कागदोपत्री वाढत जातात. अवाजवी महागाईचा यथोचित विचार करावा, असे एक सुवचन करारात आहे खरे. पण यथोचित म्हणजे किती, हे तेथे सांगितलेले नाही. भारत सरकारने यावर शोधलेली पळवाट मात्र दाद देण्याजोगी आहे. ही किंमत रुपयांऐवजी डॉलरमध्ये, टनाला सुमारे 262 डॉलर अशी दाखविली जाते, आणि त्यामुळे रुपयाच्या घसरणीचा देशाला निदान एका ठिकाणी तरी उपयोग झाला, असे म्हणता येते.

ज्यांना ही व्यवस्था अन्यायाची वाटते, त्यांनी कराराचे सोवळे-ओवळे समजून घेतलेले नसते. सरकारी मदतीच्या येथे रंगीत पेट्या आहेत: पिवळ्या पेटीतील मदत ओवळी, म्हणून तिला मर्यादा, हिरव्या पेटीतील मदत सोवळ्यातली, म्हणून तिला मर्यादा नाही. श्रीमंत देशातील सरकारने शेतकऱ्याच्या खात्यावर, तो काय पिकवतो किंवा पिकवतो की नाही याची चौकशी न करता, थेट रक्कम जमा केली की ती हिरवी होते. गरिबांना अन्न विकत घेण्यासाठी अमेरिकेत मिळणारी सरकारी मदतही हिरवीच. गरीब देशाने धान्याचा साठा करण्यास कराराची हरकत नाही, तो भुकेल्यांना वाटण्यासही नाही. अट एवढीच की, तो साठा ठरवून दिलेल्या भावाने घेतलेला असेल तर भावातील फरक पिवळ्या पेटीत मोजला जावा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, हे सूत्र इतक्या शास्त्रशुद्ध परिभाषेत यापूर्वी कोणी मांडले नसावे.

2018-19 मध्ये भारताच्या हातून अखेर मर्यादाभंग घडला. सुमारे 4,367 कोटी डॉलरच्या तांदळावर 500 कोटी डॉलरची मदत, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, असा हिशेब भारताने स्वतःच सादर केला. अमेरिकेने त्याआधी, 2018 मध्येच, 2010 ते 2014 या काळातील भारतीय तांदळाचा हिशेब आपल्या पद्धतीने मांडून ही मदत 70 टक्क्यांच्याही वर असल्याचे दाखविले होते. सरकारने प्रत्यक्षात खरेदी केलेलेच धान्य मोजावयाचे की शेतात उगवलेले सगळे, एवढ्याच मुद्द्यावर हे आकडे कोठल्या कोठे जातात. मर्यादाभंगानंतर भारताने ‘शांतता कलमा’चा आश्रय घेतला. बालीच्या 2013 च्या परिषदेत मंजूर झालेल्या या कलमान्वये, कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा खरेदीबद्दल तंटा उभा करू नये, असे ठरले होते. तोडग्यासाठी 2017 ची मुदत होती.

या आकडेमोडीचे दुसरे टोक महाराष्ट्रातील रास्त भाव दुकानात सापडते, जेथे ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटला की प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना 5 किलो धान्य पिशवीत पडते, आणि न उमटल्यास तो पदराला पुसून पुन्हा टेकवावा लागतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यातील सुमारे 7 कोटी माणसे येतात. व्यापारात विकृती निर्माण होते ती यांच्या पिशवीत.

यावरचा रूढ उपदेश असा की, धान्य पिकवण्याचा हट्ट न धरता ते स्वस्त मिळेल तेथून आणावे. हैतीने तो 1990 च्या दशकात ऐकला, तांदळावरील आयातशुल्क 3 टक्क्यांवर आणले, आणि अनुदानावर पोसलेल्या अमेरिकी तांदळाने तेथील भातशेतीचा बाजार उठवला. हे धोरण आर्कान्सातील काही शेतकऱ्यांच्या फायद्याचे ठरले, पण हैतीची स्वतःला पोसण्याची ताकद त्यात गेली, अशी कबुली बिल क्लिंटन यांनी 2010 मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. कबुली प्रांजळ होती. शेते मात्र तोवर गेली होती. अन्न कोणी, कसे आणि कोणासाठी पिकवावे हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या समाजाचा असावा, या मागणीला ‘अन्न सार्वभौमत्व’ म्हणतात; ला व्हिया कॅम्पेसिना या शेतकरी संघटनांच्या जागतिक चळवळीने ती 1996 मध्ये रोमच्या अन्न परिषदेच्या वेळी जगापुढे मांडली. तज्ज्ञांना ती भाबडी वाटते. साडेतीन रुपयांचा तांदूळ व्यवहार्य वाटतो.

कायमच्या तोडग्याचे घोंगडे 2017 मध्ये ब्यूनस आयर्सला भिजतच राहिले आणि 2024 मध्ये अबु धाबीतही वाळले नाही. शांतता कलमाचे संरक्षण मात्र बालीच्या निर्णयात केवळ 7 डिसेंबर 2013 पूर्वी सुरू असलेल्या योजनांनाच दिलेले आहे. त्या तारखेनंतर एखाद्या गरीब देशाने आपल्या भुकेल्यांसाठी हमीभावाने धान्यखरेदी सुरू केली असेल, तर तिला ते लागू नाही.