सुनावणीला कोण जाणार?

पनवेलच्या खांदा कॉलनीत वीजबिलाची चर्चा दर महिन्याला होते आणि दर महिन्याला शेवटच्या आकड्यापाशी थांबते. एवढं कसं आलं, एसी किती चालला, मीटर पळतंय का! स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क या ओळींवरून बोट घसरतं आणि थेट बेरजेवर येतं. हे दर ठरवतं कोण, कुठे आणि कोणाला विचारून, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत निघत नाही. तो निघायला हवा. राज्याचं आर्थिक धोरण गरिबाच्या बाजूचं आहे का आणि हवा-पाण्याची काळजी घेणारं आहे का, हे अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा या कागदावरून लवकर कळतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न तीस वर्षं चिकाटीने लावून धरला तो पुण्याच्या 'प्रयास' या अभ्याससंस्थेच्या ऊर्जा गटाने. मोर्चा नाही, पुतळा जाळणं नाही. कागद मागायचे, वाचायचे, हिशेब मांडायचा आणि तो लोकांसमोर ठेवायचा, एवढंच काम. एवढंच काम करणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

१९९५ साली गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या आकड्यांची उलटतपासणी केली. राज्यात तेव्हा एन्रॉनवर भाषणांचा पाऊस पडत होता. अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणाही झाल्या आणि नंतर नवा करार करून प्रकल्प वरही काढला गेला. मूळ दुखणं करारात होतं. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजायचेच, आणि तेही डॉलरशी बांधलेले. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली. २००१ मध्ये ती परवडेना म्हणून राज्य वीज मंडळाने घेणं थांबवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. धोका सहा वर्षं आधी आकड्यांत मांडून ठेवलेला होता. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी तो वाचायला हवा होता. वाचला नाही, त्याची किंमत गुहागरपासून गडचिरोलीपर्यंतच्या ग्राहकाने भरली.

पुढचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि वीजदराचा हिशेब पहिल्यांदा उघड्यावर आला. तोवर मंडळ आपली वीजगळती वीस टक्क्यांच्या आत सांगायचं. सुनावण्यांमध्ये कागद तपासले गेले तेव्हा ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज गेली कुठे? ती शेतकऱ्याच्या नावावर मांडलेली होती. पंपांना मीटर नाही, अश्वशक्तीवर बिल. मग चोरी आणि ढिसाळपणा त्याच खात्यात ढकलायला कितीसा वेळ लागतो? शहरातला माणूस वर्षानुवर्षं म्हणत राहिला, शेतकरी फुकट वीज खातो. शेतकऱ्याने न वापरलेल्या विजेचा डाग त्याच्या माथी बसला होता. हा अन्याय पुसायला करुणा पुरली नसती, त्याला ताळेबंदच लागला.

आयोगाने ग्राहकांची बाजू मांडायला चार संस्था नेमल्या: प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि आपल्या शेजारची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. कारखानदारांनी या खुर्चीचं मोल लगेच ओळखलं, बरोबरच केलं. लाखोंच्या वस्तीची नवी मुंबई आणि पनवेल, इथल्या रहिवासी संघांनी ते अजून ओळखलेलं नाही.

आता हिरव्या धोरणाकडे या. शेतीला आठवड्याचे काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर उतरतो, साप-विंचवाच्या वाटेवर. प्रयासने मांडलेला उपाय साधा होता: गावातल्या उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसाच वीज द्या. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. यातली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि दर पंचवीस वर्षं बांधलेला असतो. शेतकऱ्याची रात्र वाचते, कोळसा वाचतो, सरकारी तिजोरीवरचा भार हलका होतो.

याचा खांदा कॉलनीशी संबंध काय? थेट आहे. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योग, दुकानं आणि जास्त युनिट वापरणारी घरं चढा दर मोजतात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, म्हणजे आपल्या करातून भरतं. यवतमाळच्या शेतातली वीज स्वस्त पडली, तर तळोज्याच्या कारखान्याचा दर उतरू शकतो. तो दर उतरला, तर तिथे कामाला जाणाऱ्या आपल्या मुलाची नोकरी टिकते. शेतकरी विरुद्ध शहर हे भांडण लावून देणाऱ्यांना हा हिशेब दाखवा.

योजना चांगली म्हणून प्रश्न संपत नाहीत. प्रकल्पाला दिलेल्या जमिनीचं हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं सातबारावर नाव असलेल्याला मिळतं. गायरानावर प्रकल्प आला, तर तिथे शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन बाईला काय मिळतं? दिवसा स्वस्त वीज आली, तर विहिरीचं पाणी किती खोल जाईल? हे विचारल्याशिवाय कोणत्याही धोरणाला न्याय्य म्हणू नये, मग त्यावर सूर्याचं चित्र असो.

आणि शहरातली सवलत तरी सरळ आहे का? छतावरच्या सौरऊर्जेसाठी केंद्राची सूर्यघर योजना पाहा. स्वतःचं छप्पर असलेल्या घरमालकाला ३ किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये, म्हणजे किलोवॅटमागे २६ हजार. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार. बंगलेवाल्याला जास्त, फ्लॅटवाल्यांच्या सामाईक गच्चीला कमी आणि भाडेकरूला शून्य. खांदा कॉलनी सोसायट्यांची वस्ती आहे. हा फरक आपल्या खिशावर बसतो, तेव्हा त्याविरुद्ध आपणच बोललं पाहिजे.

तसंच दिवसाच्या सवलतीचं. १ जुलै २०२५ पासून वेळेप्रमाणे नोंद करणारं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. कल्पना योग्य आहे. दिवसा सौर वीज मुबलक असते, तेव्हाच ती वापरावी. पण ज्या घरातली दोन्ही माणसं सकाळी खांदेश्वरहून लोकल पकडतात, त्यांच्या घराला दुपारी कुलूप असतं. त्यांचा वाटा सोसायटीच्या पंपातूनच मिळू शकतो. टाकी भरण्याची वेळ पहाटेवरून दुपारी नेता येईल का, सामाईक मीटरला सवलत लागू होते का, हे समितीने महावितरणला लेखी विचारावं. उत्तरही लेखीच घ्यावं.

प्रयासच्या कामातून घ्यायचा धडा हाच आहे. गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले; त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवलं नाही. पण पुण्यातल्या मूठभर अभ्यासकांनी साऱ्या राज्याच्या ग्राहकांचा हिशेब वाहायचा आणि आपण फक्त बेरीज बघून कपाळावर हात मारायचा, ही वाटणी अन्यायाची आहे. आपल्या कॉलनीत निवृत्त बँकवाले आहेत, लेखापाल आहेत, वीजमंडळात आयुष्य घालवलेले अभियंते आहेत. यांच्यापेक्षा चांगला अभ्यासगट आणखी कुठला हवा?

महावितरणचा पुढचा दरप्रस्ताव आला की वर्तमानपत्रात जाहिरात येईल. हरकत कोणालाही लेखी पाठवता येते, सुनावणीत कोणालाही बोलता येतं, आणि सुनावणीच्या शहरांत नवी मुंबई असते. प्रत्येक सोसायटीने दोन माणसं निवडावीत. एकाने प्रस्ताव वाचावा, दुसऱ्याने हरकत लिहावी. आणि त्या दिवशी कॉलनीतले निदान दहा जण तरी सभागृहात बसलेले दिसू द्या.