तीन आठवडे तीन तासांत उरकणाऱ्यास

धाकट्या,

तू मला दादा म्हणतोस, म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मात्र उघडं लिहितोय. हौन्स्लोत, स्लाऊत, हॅरोत तुझ्यासारखी पुष्कळ मुलं एकेका घरात दुसऱ्या कुटुंबाबरोबर राहतात. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच असतं. त्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात एखाद्या शनिवारी तेच येणार, जे तुझ्या डोक्यात आलं.

आम्ही बाजार करून परतलो तेव्हा दारातच कस्टर्डचा गोड वास आला. आमची लेक चिमी ‘केक, केक’ करत आत पळाली. मी पिशव्या दारात टाकून तिच्यामागे गेलो. गॅसवर तुझ्या वहिनीचं दुधाचं पातेलं होतं, पाणी खदखदत होतं आणि त्यात तुझी व्हेपच्या लिक्विडची बाटली आडवी तरंगत होती. बूड फुगलेलं, चोच निसटलेली, पाणी पिवळट झालेलं. उरलेलं मिश्रण तू व्हॅनिला इसेन्सच्या रिकाम्या बाटलीत ओतून खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं होतंस. झाकण काढून. अर्धं उकळायचं, अर्धं उन्हात तापवायचं, असे दोन प्रयोग एकदम. चिमी स्टुलावर चढलेली होती आणि तिचं बोट त्या बाटलीपासून वीतभर अंतरावर होतं. तू वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मॅच बघत होतास.

खाली बोलावल्यावर तू म्हणालास, "दादा, तीन आठवडे कोण थांबणार? गरम केलं की लवकर मुरतं."

व्हेपवर माझा राग नाही. पुण्यात चौदा वर्षं मी रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्या. २०२१ मध्ये इथे त्या सुटल्या त्या ह्याच यंत्राच्या आधारानं. अठरा मिलिग्रॅमवरून बारा, मग सहा, आता तीन. लिक्विड मी घरी मुरवतो ते तू पाहिलंस आणि माझं पाहूनच शिकलास. त्यामुळे हे मला जास्त लागलं. शिकलास तर पुरतं शिकायचं होतंस.

बाटलीत असतं काय? प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते पातळ. व्हेजिटेबल ग्लिसरीन, ते काकवीसारखं दाट. त्यात स्वादाचे अर्क आणि निकोटीन. अर्क बहुधा पातळ ग्लायकॉलमध्ये विरघळवलेले असतात, ते दाट ग्लिसरीनमध्ये सारखे पसरायला वेळ घेतात. ताज्या बाटलीचा पहिला झुरका म्हणूनच अत्तर तोंडात गेल्यासारखा लागतो, घशाला टोचतो. पुढे आणखी एक गोष्ट घडते. व्हॅनिलिनसारखी स्वादद्रव्यं ग्लायकॉलशी जुळतात आणि त्यातून अ‍ॅसिटल नावाची नवी संयुगं बनतात. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवून दिलं. ही नवी संयुगं श्वासमार्गातल्या जळजळ ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतात, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे मुरलं की चव गोल होते, पण माल निर्धोक होत नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं.

फळांच्या स्वादाला तीन-चार दिवस पुरतात. जास्त ठेवलं तर लिंबू, संत्रं उडून जातं. पुदिन्याला थांबायची गरजच नाही. कस्टर्ड, व्हॅनिला आणि तंबाखूचे स्वाद मात्र दोन-तीन आठवडे मागतात. माझं कस्टर्ड पहिल्या दिवशी रंगहीन आणि कडवट असतं. आठव्या दिवशी कच्च्या पिठासारखं लागतं, आणि तो दिवस मला सगळ्यात नकोसा वाटतो. विसाव्या दिवसाच्या आसपास त्यात अंड्याचा, दुधाचा, किंचित जळक्या साखरेचा वास एकत्र येतो आणि रंग फिक्या चहासारखा होतो. त्यासाठी मी काय करतो, तर काहीच नाही. अंधाऱ्या कपाटात झाकण घट्ट लावून ठेवतो, पहिला आठवडा रोज एकदा हलवतो आणि बाटलीवर तारीख लिहितो.

कोमट पाण्यात बाटली धरली की ग्लिसरीन सैल होतं आणि हलवायला सोपं जातं, इथवर खरं आहे. कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढं, आणि तेही निकोटीन घालण्याआधी. उकळत्या पाण्यात स्वादातला हलका, सुवासिक भाग आधी उडतो. तोच तर आपल्याला हवा असतो. घरभर जो केकचा वास पसरला होता, तो तुझ्या बाटलीतून गेलेला माल होता. उष्णता, ऊन आणि हवा लागली की निकोटीनचं ऑक्सिडेशन होतं, ते तपकिरी होतं आणि तिखट लागतं. तू रंग बघून खूश झालास. रंग आला म्हणजे मुरलं असं नव्हे, धाकट्या. करपलेल्या फोडणीलाही रंग येतो.

आता त्या इसेन्सच्या बाटलीबद्दल.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून निकोटीन असलेलं लिक्विड दहा मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत आणि मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त तीव्रतेचं विकता येत नाही. म्हणून पन्नास मिलिलिटर बिननिकोटिनचं घ्यायचं आणि त्यात मिलिलिटरला अठरा मिलिग्रॅमचा, दहा मिलिलिटरचा निकोटीन शॉट ओतायचा. तूही तेच केलंस. आता गणित कर. दहा गुणिले अठरा, एकशे ऐंशी मिलिग्रॅम निकोटीन. शॉटच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही, ते मुलांना उघडता येऊ नये म्हणूनच तसं केलेलं असतं. तू त्यातलं निकोटीन काढून केकच्या वासात मिसळलंस आणि केकच्याच चित्राच्या बाटलीत ओतून उघडं ठेवलंस. वर ना नाव, ना तारीख. उद्या वहिनीनं तीच बाटली शिऱ्यात रिकामी केली असती तर?

डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट प्लेन गावात एक वर्षाचं मूल द्रवरूप निकोटीन पोटात गेल्यानं दगावलं. त्यानंतर अमेरिकेनं अशा बाटल्यांना मुलांना उघडता न येणारं वेष्टण सक्तीचं करणारा कायदा केला. निकोटीन पोटातून जातं तसं कातडीतूनही जातं. लहान मुलाला थोड्यानंही उलट्या होतात, घाम फुटतो, अंग थरथरतं. जास्त गेलं तर झटके येतात, श्वास अडतो. चिमी साडेतीन वर्षांची आहे, वजन चौदा किलो. त्या दिवशी मी तिचे हात तीनदा साबणानं धुतले, बोटं हुंगली, जीभ बघितली आणि रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकला. तिनं काही चाखलं नव्हतं. ते मला सकाळी खात्रीनं वाटलं, रात्री नाही.

त्यावर तू म्हणालास, "लोणच्यासारखंच तर आहे, दादा." नाही. लोणच्याला मीठ आणि तेल राखतं, कैरीची आंबटी राखते, आणि कच्चं लोणचं चाखलं तर फार तर दात आंबतात. तुझी आई लोणच्याची बरणी उन्हात ठेवायची, ते तू डोक्यात धरलंस. तिच्या बरणीला दादरा बांधलेला असायचा आणि ती कुणाच्याही हाताला लागली तरी चालायची. ‘मुरणं’ हा शब्द एकच म्हणून वस्तू एक होत नाही.

आणखी एक. दिवाळीत कोल्हापूरच्या मित्रांसाठी तीन बाटल्या न्यायचा तुझा बेत आहे, ‘प्रवासात आपोआप मुरेल’ असं तूच हसत सांगत होतास. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयातही बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या बाटल्या बॅगेतून काढून ठेव.

पातेलं मी टाकून दिलं. त्याचे पैसे नकोत, पण तसंच पातेलं तू स्वतः जाऊन आण आणि वहिनीच्या हातात दे. दोन्ही बाटल्या मी दुहेरी पिशवीत बांधून शेडमध्ये, कुलपात ठेवल्या आहेत. त्या मोरीत ओतायच्या नाहीत. येत्या शनिवारी नगरपालिकेच्या कचरा केंद्रात नेऊन घातक वस्तूंच्या खिडकीवर द्यायच्या आहेत, आणि ते तूच करायचंस. यापुढे तुझं लिक्विड तुझ्या खोलीत, कुलपाच्या पेटीत, मूळ झाकणाखाली, वर नाव-तारीख लिहून राहील. हे जमत नसेल तर महिनाअखेर दुसरं घर बघ. तुझ्यासारखा चांगला मुलगा जावा असं मला वाटत नाही, तरी लिहितोय.

चिमी रोज संध्याकाळी खिडकीपाशी जाऊन विचारते, काकाची केकची बाटली कुठे गेली. तिला ती कशाची होती, ते तू खाली येऊन सांग. तिला कळेल अशा शब्दांत. मी बाजूला बसेन.

तुझा,
दादा