अण्णांचं इन्स्पेक्शन

अण्णांना पिक्चर कसा वाटला, असं विचारावं लागत नाही. सकाळी दूध आणायला खाली उतरले की गेटपाशी जो पहिला सापडेल त्याला ते ऐकवतातच. बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. खुर्ची सुटली, लाल पेन काही सुटलं नाही. मुलाने ओटीटी लावून दिल्यापासून त्यांना दहा वर्षांपूर्वीचा पिक्चरही कालच लागल्यासारखा ताजा. त्यातली गाणी, कॅमेरा, अभिनय वगैरे त्यांच्या लेखी किरकोळ खर्चात मोडतं.

‘दृश्यम’वर (२०१५) मात्र ते बेहद्द खूश. निशिकांत कामतांचं दिग्दर्शन, तब्बूचा दरारा, यातलं काही नाही. ‘‘अहो, चौथी नापास माणूस! पण बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, थेटरची तिकिटं, सगळी व्हाउचर्स जागच्या जागी. आमच्या मॅनेजर लोकांना दाखवायला हवा होता.’’ पुरलेल्या प्रेताबद्दल त्यांचा आक्षेप नव्हता. कागद पुरे होते ना! याच कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला (२००५) माधव आपटे बँकेतलाच. तो बॅट घेऊन व्यवस्था सुधारायला निघतो, त्यावर शेरा : ‘‘संताप मान्य. पण रजेचा अर्ज?’’

किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये घुंगटापायी रेल्वेच्या डब्यात नवऱ्या बदलतात. आम्हाला त्यात बाईची पुसली गेलेली ओळख वगैरे दिसली, अण्णांना केवायसी. नवरा पोलिसांना देतो तो बायकोचा फोटोही घुंगटातला! तो पाहून अण्णांनी पिक्चर थांबवला आणि काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ‘‘हा फोटो मी फॉर्मवर चिकटवूच दिला नसता.’’ (तसं पाहिलं तर पिक्चरही हेच म्हणतो. पण अण्णांना ते सांगायला जाणार कोण?)

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ साली कानमध्ये ग्राँ प्री मिळालं, म्हणून सुनेने तो कौतुकाने लावून दिला. मुंबईचा पाऊस, लोकल, दोन मल्याळी नर्सेस. अण्णा बराच वेळ राइस कुकरपाशीच अडकलेले. नर्स प्रभाच्या नावाने जर्मनीचा कुकर येतो, आत चिठ्ठी नाही. ‘‘पाठवणाऱ्याचं नाव नाही, तर घेतलाच कसा?’’ पण पुढे छाया कदमची पार्वती आली. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी विधवा. घर पाडून टॉवर होणार, आणि इतकी वर्षं राहूनही खोली आपली म्हणून दाखवायला तिच्याकडे एक चिटोरं नाही. नवऱ्याने कधी काही सांगितलंच नव्हतं. शेवटी ती कोकणात गावी परत जाते.

‘‘कागदच नाही हो बाईकडे,’’ एवढंच अण्णा म्हणाले, आणि एरवी अर्धा तास चालणारं परीक्षण तिथेच थांबलं. या पिक्चरवर मी पुष्कळ जड जड वाचलं होतं. नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं ते अण्णांनीच.

त्याच दुपारी त्यांनी कपाट उघडलं. काकूंना समोर बसवून लॉकरच्या किल्लीपासून फ्लॅटच्या ॲग्रीमेंटपर्यंत सगळं दाखवलं, उरलीसुरली खाती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करायला काढली.

काकू परवा लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, ‘‘लोक पिक्चर बघितला की बायकोला गजरा आणतात. आमच्याकडे फॉर्म आले. बरं, मी मुकाट्याने भरून दिले, तर सही जुळत नाही म्हणून ह्यांनीच परत केले!’’